चित्रातली जनावरं पळत होती

अमानवीय वगैरे गोष्टींना मी तेव्हाही हसायचो, आजही हसतो. पण मी ड्रॉइंग मास्तर... चित्रात काय आहे हे मला कुणी शिकवू नये.

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी सांगलीत नोकरीला. माझा मित्र सर्जेराव, मूळचा मेढ्याकडचा, फौजेत नाईक, ऐन पावसाळ्यात सुट्टीवर आला होता. त्याला घेऊन मी आप्पांकडे गेलो. आप्पा हळदीचे व्यापारी. त्यांनी नवं तैलचित्र घेतलं होतं आणि त्याचा अर्थ त्यांना माझ्याकडून हवा होता.

आप्पा चहा सांगायला आत गेले. आम्ही चित्रासमोर. हिरवा डोंगर, खाली ओढा. काठावर पंखांचा घोडा, दुतोंडी गंडभेरुंड पक्षी, सोंड असलेला सिंह. भरदिवसा, खिडकीतून चांगला उजेड.

"भ्यालेत सगळे," मी म्हणालो. "माना बघ, पाय बघ... पळताहेत. हा डोंगर खाली येणार."

सर्जेरावचा चेहरा उतरला. "गड्या, ह्यो आमच्या घरामागचा डोंगर हाय. त्यो सुळका बघ की!"

चहा न घेताच त्यानं एसटी गाठली. घरी सगळं सांगताच त्याचे वडील भडकले — "चित्र बघून कुणी घर सोडतंय व्हय रं?" आईनं मात्र गाठोडं बांधलं. गुरांसकट सगळी गावात चुलत्याकडे गेली. त्याच आठवड्यात दरड कोसळली. घर पार गाडलं गेलं.

पावसात दरडी कोसळतात, मान्य! पण पुढचं ऐका.

सुट्टी संपायच्या आत सर्जेराव आईवडलांना चित्र दाखवायला सांगलीला घेऊन आला. आम्ही आप्पांकडे गेलो... आणि मी थिजलो. डोंगर तोच, सुळकाही तोच. पण घोडा मान वाकवून पाणी पीत होता. गंडभेरुंड पंख साफ करत होता. सिंह चक्क झोपला होता!

"आवं मास्तर, पहिल्यापासनं असंच हाय," आप्पा म्हणाले. "निवांत वाटलं म्हणून तर घेतलं."

"न्हाई आप्पा, मीबी पळतानाच बघितलीत," सर्जेराव म्हणाला.

मी जवळ जाऊन रंग तपासला. कुठेही नवा हात मारलेला नव्हता.

सर्जेरावची आई बराच वेळ चित्राकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, दिसलं म्हणून बोललासा, का बोललासा म्हणून दिसलं?"

मी वळून पुन्हा चित्र बघितलं; सिंह झोपलेलाच होता. पण ती जनावरं पळत होती — त्यात तिळमात्र शंका नाही.