रुखमाआत्याला गाव खुनशी म्हणायचं

आमच्या गावात रागीट माणसाला कोणी भीत नाही. त्याला राग येतो, तो दोन शिव्या हासडतो आणि संध्याकाळी पारावर तंबाखू मागायला येतो. खुनशी माणूस वेगळा. तो शिवी देत नाही, मनात धरून ठेवतो आणि वेळ आली की उट्टं काढतो. हा शब्द गावानं रुखमाबाई सुईणीला लावला. लावणारे अर्धेअधिक तिच्याच हातावर जन्मलेले, पण लाज कोणाला?

झालं असं. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, ऐन पोळ्याच्या सकाळी, तिच्या एकुलत्या एका पोराला, वामनला, हगवण-ओकारी लागली. दवाखाना देऊळगाव राजाला, चार कोस. नवरा आधीच गेलेला. गावात धमणी, म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी, आणि पळणारे बैल एका कारभाऱ्याकडेच होते, म्हणून ती त्याच्या दारात गेली. तो बैलांच्या शिंगांना बेगड लावत होता.

"रुखमाबाई, आज त्याइच्या मानेवर जू ठेवत नाही. पाप लागते. उद्या पहाटे मी सोता नेतो."

कारभारी दुष्ट नव्हता. पोळ्याला बैल जुंपायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो खरंच धमणी घेऊन आला. वामन रात्रीच संपला होता.

ती भांडली नाही, तळतळाट दिला नाही. फक्त दर पोळ्याला बैल घरोघर पूजेला यायचे, तेव्हा कारभाऱ्याची जोडी दिसली की दार लावून घ्यायची. मुक्या जनावरांचा काय गुन्हा, असं म्हणत गावानं तिला खुनशी ठरवलं. मी मात्र भांडायचे. आम्ही गल्लीतल्या सगळ्या पोरी तिला आत्या म्हणायचो. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढं मी चारचौघांत ऐकवायचे.

सहा वर्षांनी कारभाऱ्याची शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सकाळी कळा सुरू झाल्या आणि थोड्या वेळात मूल आडवं असल्याचं कळलं. आडवं मूल फिरवावं तर रुखमाआत्यानंच. शालूही तिच्याच हातची. शालूची आई, मनकर्णाबाई, नवऱ्याच्या पाया पडली.

"तिले बोलवा हो. घर तं चार पावलांवर हाय."

"ते बाई खुनशी हाय," कारभारी म्हणाला. "तिचा पोरगा माह्यापायी गेला. माही पोरगी तिच्या हाती कशी देऊ?"

त्यानं धमणी जुंपली आणि मदतीला गेलेल्या मलाच दुसऱ्या गावची सुईण आणायला पाठवलं. त्याच्यापुढं बोलायची माझी छाती झाली नाही. ती सुईण आली, तिनं पोट चाचपलं आणि ती घाबरली. दिवस मावळायच्या आत शालू पोटातल्या बाळासकट गेली. सरण विझलंही नव्हतं, तोच गाव म्हणू लागलं की खुनशी बाईचा तळतळाट भोवला. माझ्या अंगाची आग झाली. बोलावलं नाही तुम्ही, आणि खापर तिच्या डोक्यावर?

दहावं झाल्यावर मी आत्याकडे गेले. ती ओट्यावर तूर निवडत होती.

"आत्या, मी समद्याइले सांगतलं. बोलावलं असतं तं तू गेली असती."

"गेली असती. पाणी तापोलं होतं म्या. हात धुऊन दाराशी बसली होती."

"मंग कारभाऱ्यानंच मारलं तिले."

तिनं तुरीतला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"शालूनं हाक मारली मले," ती म्हणाली. "आत्या, ये वं, म्हणे. दोनदा आयकू आली."

"मंग काऊन नाही गेली?"

"म्या कशी त्याच्या दारात गेली होती? तसं कारभाऱ्यानं माह्या दारात यावं. त्याची वाट पाहून राह्यली होती."

तिचा आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. मी उठून घरी आले. तिच्यासाठी गावाशी भांडणं मी त्या दिवसापासून सोडलं.