मागच्या बाजूचा पतंग

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या मृदुला दिघ्यांच्या घरात लेबल नसलेला डबा नाही. जिरं आणि शहाजिरं तर सोडाच, माळ्यावरच्या खोक्यांवरही आत काय आहे ते निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असतं. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईचं अक्षर ते. सप्टेंबरपासून त्यात पद्माकररावांच्या गोळ्यांच्या तीन डब्यांची भर पडली होती. सकाळ, दुपार, रात्र.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दात घासता घासता पद्माकररावांच्या हातातून ब्रश पडला. पॅरालिसिसचा झटका. पाय महिन्याभरात सावरला. बोलणं दिवाळीपर्यंत स्वच्छ झालं, मृदुलाताईंच्या मते जरा जास्तच स्वच्छ. राहिला तो उजवा हात. पद्माकरराव बाजव्याकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तीस वर्षं त्यांनी पाइपांची ड्रॉइंग्ज हातानं काढली. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले, तेव्हा बँकेतल्या मुलीनं सही होत नाही बघून शाईचा पॅड पुढे सरकवला. पद्माकररावांनी अंगठा उठवला, घरी येऊन साबणानं तीन वेळा धुतला, आणि त्या दिवसापासून हाताचा व्यायाम बंद केला.

फिजिओथेरपिस्ट अमोघ दिवसाआड येई. राजम्याचे दाणे एका ताटलीतून वाटीत टाकायला सांगे.

"दाणे वेचायला मी कोंबडा आहे का?" पद्माकरराव म्हणत.

"काका, पहिल्या सहा महिन्यांत हात पटकन शिकतो. नंतरही शिकतो, पण फार हळू. चार महिने तर गेलेच."

"मग राहिलेलेही जाऊ देत."

जिन्यात चपला घालताना अमोघ हळूच म्हणाला, "काकू, बोटं हलतायत. मी बघितलंय, उशी सरकवताना हलतात. त्यांना हलवायचीच नाहीयेत. माझे दाणे सोडा, त्यांना स्वतःहून करावंसं वाटेल असं काहीतरी शोधा."

मृदुलाताई विचार करत वर आल्या तर पद्माकरराव खुर्चीतून म्हणाले, "ऐक, आठ दिवसांवर उत्तरायण आलं. माझी फिरकी खालच्या जयसिंगरावांना देऊन टाक. मांजा चांगला आहे, फुकट जायला नको."

"देते," त्या म्हणाल्या आणि कुकरला भात लावायला गेल्या. फिरकी त्यांनी दिली नाही. संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर पतंग उडवतं, त्या बडोद्यात जन्मलेला माणूस फिरकी देऊन टाकतो म्हणजे काय, ते त्यांना कळत होतं. आणि फिरकीवरूनच त्यांना तो खेळ आठवला.

सत्याऐंशी साली सरकारी योजनेतून त्यांच्या शाळेला दोन कॉम्प्युटर आले होते. बीबीसी मायक्रो. विटकरी रंगाच्या फंक्शनच्या बटणांची ओळ असलेले, जाडजूड. तीन आठवड्यांचं ट्रेनिंग घ्यायला कोणी तयार होईना. सगळ्यांत तरुण म्हणून मृदुलाताईंना पाठवलं. त्या परत आल्या त्या प्रोग्राम लिहायला शिकूनच. घटक चाचण्या, गुणांची बेरीज, कोन आणि त्रिकोण. आणि एक पतंगाचा खेळ. त्यात एका बटणानं ढील द्यायची, दुसऱ्यानं खेंचायचं आणि समोरचा पतंग कापायचा. पद्माकरराव संध्याकाळी स्कूटरवर त्यांना न्यायला येत, आणि न्यायचं सोडून त्या खेळापुढे बसत. शिपाई किल्ल्या वाजवत उभा राही.

खोकं माळ्यावर होतंच. "शाळा, १९८७ ते ९१". आत पाच इंची फ्लॉपी, कागदी पाकिटात, वर लेबल, "इ. ८ वी, चाचण्या". पण ती घालायची कशात?

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर संजीव नावाचा एक जण जुन्या मशीनचे फोटो टाकत असे. फतेगंजला राहणारा, पन्नाशीला टेकलेला, एका कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. मृदुलाताईंनी त्याला फोन केला.

"टीचर! तुम्ही? अरे वा! फ्लॉपी आहे? फेकू नका हं, हातही लावू नका. मीच येतो."

तो आला, फ्लॉपी उजेडात धरून बघितली, बुरशीचा एक ठिपका दाखवून हळहळला, आणि लेकराला न्यावं तशी दोन्ही हातांत घेऊन गेला. तीन दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन आला. मृदुलाताईंच्या लेकीनं, तेजश्रीनं, मागे ठेवलेला लॅपटॉप टेबलावर उघडला.

"हे बघा टीचर, फ्लॉपीवर जे होतं ते जसंच्या तसं या एका फाइलमध्ये आलं. हिला इमेज म्हणायचं. आणि हा एम्युलेटर. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात आपला जुना कॉम्प्युटर. याला वाटतं आपल्यात खरीच फ्लॉपी घातलीय."

"बिचारा," खिडकीकडे तोंड करून बसलेले पद्माकरराव म्हणाले.

पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं उमटली, आणि तोच आवाज आला. एक खालचा सूर आणि लगेच वरचा. मृदुलाताईंनी पदरानं चष्मा पुसला.

"आता यादीसाठी स्टार आणि कॅट टाइप करा. स्टार आठावर," संजीव म्हणाला.

त्यांनी शिफ्ट धरून आठ दाबलं तर कंस आला. "अरे, काहीतरी गडबड आहे," संजीव वाकून बघू लागला. तोवर मृदुलाताईंचं बोट न विचारता उजवीकडे, अर्धविरामाच्या शेजारच्या बटणावर गेलं होतं. स्टार आला.

"जुन्या मशीनवर तिथंच होता," त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षांपूर्वीची सवय!

यादी उमटली. चाचणी एक, चाचणी दोन, गुण, कोन, त्रिकोण. पतंग नव्हता. त्यांनी पुन्हा यादी मागवली. तीच आली.

"मीच पुसला असेल," त्या म्हणाल्या. "एक्याण्णव साली जागा कमी पडत होती तेव्हा. लेबलवर चाचण्याच लिहिल्यात ना. म्हणजे चाचण्याच."

मृदुलाताईंनी लीलो चेवड्याची, बडोद्याच्या ओल्या चिवड्याची, बशी संजीवपुढे सरकवली आणि चहा टाकायला उठल्या. खरं तर त्यांना स्वयंपाकघरात जाऊन घटकाभर एकटं उभं राहायचं होतं.

"मागे बघितलंत का?"

पद्माकरराव बोलले होते. तोंड अजून खिडकीकडेच.

"मागे म्हणजे?"

"म्हणजे फ्लॉपीच्या मागे. तुमच्या मुख्याध्यापिका शालिनीबेन दर शनिवारी यायच्या ना यादी तपासायला, कोणी खेळ तर ठेवला नाही ना म्हणून. त्यांना फक्त स्टार कॅट यायचं. तू खेळ मागच्या बाजूला टाकायचीस आणि वर्गात साळसूद चेहरा करून उभी राहायचीस. दोन का काहीतरी दाबायला लागायचं. लेबलवर कशी लिहिशील? चोरीचा माल!"

संजीवनं कपाळावर हात मारला. "ड्राइव्ह दोन! टीचर, लेबल बघून मी एकाच बाजूची इमेज केली. मला वाटलं, मृदुला टीचरचं लेबल म्हणजे आत तेवढंच असणार."

"तिच्या लेबलांवर इतका विश्वास ठेवू नये," पद्माकरराव म्हणाले. "या घरात 'साखर' लिहिलेल्या डब्यात मनुका असतात. मी खाऊ नयेत म्हणून."

मृदुलाताई हसल्या. पण हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, खुर्ची आता खिडकीकडे नव्हती, टेबलाकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला पद्माकररावांनी विचारलं, "तो किती वाजता येणार?"

"कोण?"

"कोण काय? काल आला होता तो."

संजीव ऑफिसला जाता जाता नऊ वाजता आला. या वेळी दोन्ही बाजूंची एकच इमेज होती. ती त्यानं आत घातली, "मला उशीर झाला, टीचर, तुम्हीच चालवा, काही झालं तर फोन," म्हणून जिना उतरला. मृदुलाताईंनी ड्राइव्ह दोन टाइप केलं, मग स्टार कॅट. यादीत एकच नाव होतं. पतंग.

निळं आकाश, खाली गच्चीची एक रेघ, पत्त्यांतल्या चौकटीएवढा लाल पतंग. खालच्या कोपऱ्यात जुने आकडे. पाच ओळींपैकी तीन भरलेल्या : पदू ४१५, पदू ३८०, मृदू ९०.

"चारशे पंधरा," पद्माकरराव पुढे सरकून म्हणाले. "बघ. पुसलं नाहीस."

"तुम्ही पुसू दिलं नसतंत."

त्यांनी डावा हात बटणांवर ठेवला. पण ढीलचं बटण होतं डावीकडे टोकाला, झेडवर, आणि खेंचायचं उजवीकडे टोकाला. डावा हात इकडून तिकडे पळवेपर्यंत पतंग गच्चीवर आपटला. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदाही.

"कोणत्या शहाण्यानं बटणं इतकी लांब ठेवली?"

"मी ठेवली. सत्तर मुलं आणि दोन मशीन. एका बटणावर एक, दुसऱ्यावर दुसरा, म्हणजे कोणी नुसतं बघत बसायला नको. एक उडवतो, एक फिरकी धरतो, तसं."

"मग बस इकडे. उजवीकडे तू."

त्या बसल्या. ते ढील देत, त्या खेंचत. ढीलचा सूर खालचा, खेंचायचा वरचा.

"खेंच! अगं खेंच, झोपलीस का?"

"खेंचतेय ना!"

"आता नको, आता ढील आहे! बाई गं, तू लिहिलायस ना हा खेळ?"

तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि पाठोपाठ बेल वाजली. मृदुलाताई उठल्या. गॅस बंद केला. दारात गॅस सिलिंडरवाला होता. "आवो भाई," म्हणून त्याला आत घेतलं, सिलिंडर सरकवून घेतला, पुस्तक आणायला वळल्या, आणि थांबल्या.

बाहेरच्या खोलीतून खालचा सूर आला. खालचा, पुन्हा खालचा. मग बराच वेळ काही नाही. मग वरचा. एकदाच, उशिरा.

डाव्या हातानं असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग लागोपाठ आले. खालचा, लगेच वरचा. इतक्या लगेच एका हातानं होत नाही; आत्ताच त्यांनी तीन पतंग आपटताना बघितले होते.

"बेन, चोपडी?" सिलिंडरवाला म्हणाला.

"एक मिनिट, भाई. जरा बोलू नका."

तो गोंधळून उभा राहिला. मृदुलाताई ओट्याला टेकून ऐकत राहिल्या. वरचा सूर कधी यायचा, कधी चुकायचा. चुकला की बाहेरून एक शिवी येई. त्या बाहेर गेल्या नाहीत. वर्गात एखादं मूल पहिल्यांदा गणित सोडवत असलं की त्याच्या वहीत डोकवायचं नाही, ते त्यांना पक्कं माहीत होतं.

बऱ्याच वेळानं हाक आली. "मृदुला! नाव मागतंय!"

पद्माकररावांचा उजवा हात टेबलावर पालथा पडला होता, बोटं वाकडी, घामेजलेली. पडद्यावर आकडा होता पंचवीस. खाली नावासाठी जागा.

"पंचवीस," त्या म्हणाल्या. "घालू मी नाव?"

"माझं नाव मी घालतो."

उजव्या हाताचं मधलं बोट घसटत 'पी'कडे गेलं, 'ओ'वर थांबलं, परत पुढे सरकलं, दाबलं गेलं. ए आणि डी डाव्या हातानं. यूसाठी पुन्हा उजवा. किती वेळ लागला, ते मृदुलाताईंनी मोजलं नाही. मग पद्माकररावांनी एंटर दाबलं, आणि पडद्यावर ओळ आली, डिस्क रीड ओन्ली.

"म्हणजे? लिहीत नाही? बँकेतल्यासारखं याचंही सुरू झालं?" त्यांचा आवाज चढला.

मृदुलाताईंनी फोन लावला.

"टीचर, सॉरी, फाइल मी लॉक करून ठेवलीय," संजीव म्हणाला. "मूळ इमेज बिघडायला नको ना. फ्लॉपीच्या खाचेवर आपण रुपेरी पट्टी चिकटवायचो, तसं. आधी तिची कॉपी करा, कॉपीचं लॉक काढा, आणि खेळायचं ते कॉपीवर. पण आत्ताचा आकडा जाईल बहुतेक."

"नाही जात," मृदुलाताई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी कॉपी केली, लॉक काढलं, आणि तिला नाव दिलं, "पतंग, रोजचा". मशीन बंद न करता आतली फ्लॉपी बदलली, म्हणजे फाइल बदलली. खेळ थांबला होता, पण आकडा अजून मशीनच्या डोक्यात होता. प्रोग्राममधल्या आकडे लिहायच्या भागाचं नाव टाइप करून त्यांनी तेवढा भाग पुन्हा चालवला. काय नाव दिलं होतं ते शोधावं लागलं नाही. चौथी ओळ भरली. पदू २५.

पद्माकररावांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "चारशे पंधराला जरा वेळ लागेल."

"लागू दे. उद्या अमोघला दाखवा."

"त्याला सांग, ते दाणे घेऊन जा आणि उसळ कर." त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर घेतला, बोटं चोळली. "फिरकी दिलीस का जयसिंगरावांना?"

"माळ्यावर आहे."

"वाटलंच मला. काढून ठेव. चौदा तारखेला वर जाऊ. पतंग काही मला जमायचा नाही यंदा. फिरकी धरेन. दोन्ही हातांत नुसती धरायची तर असते."

"आणि पतंग कोण उडवणार? मला कुठे येतो?"

"ढील दे, खेंच. तूच तर लिहिलंयस," पद्माकरराव म्हणाले. "आणि तो सिलिंडरवाला केव्हाचा उभा आहे, त्याला पुस्तक दे आधी."