येऊन राह्यली

आता माझीच फजिती माझ्याच तोंडाने सांगायची म्हणजे जिवावर येतं, पण ऐका. आणि आधी मला एक सांगा, जी गाडी अजून आलेलीच नाही, तिला 'येऊन राहिली' म्हणायचं? हे कुठलं व्याकरण!

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी पुण्याहून वऱ्हाडातल्या चिखलीच्या नव्या कॉलेजात मराठी शिकवायला आलो होतो. बी.ए.च्या पोरांना एकच गोष्ट पढवत होतो: छापलंय म्हणून खरं मानू नका. वाक्य कोणाचं ते आधी पाहा, मग अर्थ लावा.

त्या सोमवारी विद्यापीठाची समिती माझा तास बघायला येणार होती. तास पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर गाठोडं बांधून पुणं. आणि मी शहाणा रविवारी मेहकरला मित्राकडे मुक्कामाला! सकाळी स्टँडवर पानवाल्याला विचारलं, चिखलीची गाडी कुठेय?

"येऊन राह्यली न, सर."

समोर एक गाडी उभी होतीच. आली आणि राहिली, यात कळायला काय अवघड आहे? खिडकीची जागा धरली आणि तासाची टिपणं वाचत बसलो. शेजारून एक गाडी भरून निघून गेली, मी मानसुद्धा वर केली नाही. बऱ्याच वेळाने गाडीखालून एक मेकॅनिक बाहेर आला.

"काऊन बसले हो साहेब? हे गाडी तं कालपासून बंद हाय. चिखलीची मघाच गेली, आता सांजंलेच."

असा संताप आला! पानवाल्याला झाप झाप झापलं. तो शांतपणे चुना लावत म्हणतो, सांगतलं तं होतं, येऊन राह्यली म्हणून.

पोस्टातून कॉलेजला फोन लावला. लाइन खरखरत होती. कारकुनाला ओरडून सांगितलं, "मी मेहकरला येऊन राहिलोय!" त्या गृहस्थाने प्राचार्यांना निरोप दिला, सर येऊन राह्यले. झालं! समिती वर्गातच चहावर चहा पीत वाट बघत बसली.

शेवटी आमच्या वर्गातली दुसरबीडची कुसुम उठली.

"वाक्य सरांचं हाय, अन् सर पुण्याचे. आपलं 'येऊन राह्यले' म्हंजे येत हायेत, त्यांचं 'राहिलो' म्हंजे ते तिथंच राह्यले. आज काई येत नाई."

समिती बेहद्द खूश. ज्याची पोरं इतकी तयार, त्याला कायम करा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कारकून हसत आला. "सर, कायम केल्याचं पत्र येऊन राह्यलं!"

आणि मी धावत ऑफिसात गेलो हो, ते घ्यायला!