नमुना पास!

लहान मुलांच्या खाऊत आणि औषधात, पाकिटावर छापलंय तेवढं व्हिटॅमिन खरंच आहे का, हे तपासायला मी जव्हार-मोखाड्यातून नमुने गोळा करतो. नमुने लॅबवाले ठेवून घेतात. किस्से कोणी जमा करून घेत नाही, ते माझ्याकडेच साचतात. आमचा ड्रायव्हर भास्कर म्हणतो, "यातले निम्मे खोटे." खोटे कुठले, फक्त वाढवलेले!

*

मे महिना, सूर्यमाळचा चढ. ऊन असं, की गाडीच्या टपावर भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती! नमुन्यांच्या पेटीतल्या बर्फाचं केव्हाच पाणी झालेलं. आठवड्याने लॅबच्या मॅडमचा फोन, "व्हिटॅमिन सी जवळजवळ नाहीच. नमुना उकळून आणलात का?"

भास्कर शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते घाटातच उतरलं. हाका मारल्या, थांबलं नाही!"

खूप हसलो. पण दोष पाकिटाचा की आमच्या पेटीचा, ते कधी कळलंच नाही.

*

एका अंगणवाडीत ताईंनी पाकिटातल्या खिचडीची वाफाळती ताटंच समोर ठेवली. "तपासा!"

"ताई, कोरडं पाकीट लागतं."

"पोरं कोरडं खातात व्हय? खातात तेच तपासा की!"

बिनतोड! मी आणि भास्करने ताटं चाटूनपुसून तपासली. ती पोरांच्या वाटणीची होती, हे गाडी सुरू झाल्यावर लक्षात आलं. मागे फिरायला हवं होतं. नाही फिरलो.

*

दुसऱ्या अंगणवाडीत काही पाकिटं खिडकीत, उन्हात. काही कपाटात, कुलपात.

"खिडकीतली कोणाची?"

"पोरांची."

"आणि कपाटातली?"

"तुमची! तपासणीची म्हणून जपून ठेवते ना!"

हे विचारायचं मला तिसऱ्या खेपेला सुचलं. तोवर दोनदा 'नमुना पास'. खाली सही माझी.

*

सुंदरवहिनी मोखाड्याजवळच्या पाड्यावरच्या, मजुरीला जाणाऱ्या. त्यांची अडीच वर्षांची पोर दिवेलागणीला दिसेनासं होऊन भिंत चाचपत चालायची. दवाखान्यातून तिच्यासाठी व्हिटॅमिनची बाटली मिळाली होती. मी गेलो तेव्हा नेमके नमुन्याचे फॉर्म संपलेले. म्हटलं, "वहिनी, बाटली जपून ठेवा. पुढच्या आठवड्यात तपासायला नेतो."

मग गाडी बंद पडली. मग पावसात रस्ता खचला. माझा पुढचा आठवडा दिवाळीनंतर उजाडला.

वहिनींनी तांदळाच्या कणगीत हात घालून फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. सील जसंच्या तसं.

"थेंबबी नाय काढला, दादा. आता सांगा, पोरीला देऊ?"