मास्तरांचा उरलेला शब्द

सिंदी मेघेतले बंडूजी मास्तर जन्मभर शाळेत मराठी शिकवत आले. संधी हा त्यांचा आवडता धडा. "सम् म्हणजे एकत्र, धा म्हणजे ठेवणं. त्यातूनच संधी, सांधा, सांधणं. गुडघ्यात दुखतो तोही तोच शब्द, अन् दोन राजांचा तह होतो तोही तोच," असं रंगून सांगायचे. घरीही सुरू झाले, की अनुसयाबाई म्हणायच्या, "आधी जेवून घ्या जी."

गेल्या उन्हाळ्यात मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. पुढं एकच शब्द परतला.

"सांध."

"काय सांधू जी?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी डोळे वटारले. "सांध!"

डॉक्टर म्हणाले, या आजारात एखादाच शब्द जिभेवर उरतो. पाणी हवं असलं तरी तोच येतो. बाईंना ते पटेना. शब्द तोलूनमापून बोलणारा माणूस उगाच कशाला बोलेल? त्यांनी उसवलेली गोधडी शिवली, चष्म्याची तुटकी दांडी बसवून आणली. मास्तर दर वेळी तोंड फिरवायचे.

मग थोरली सून दिपाली म्हणाली, "आई, योगेंद्र भाऊजींले बोलवा. दोघा भावांचं जुळावं, हेच असंन बाबांच्या मनात."

धाकटा योगेंद्र नालवाडीत राहायचा. घराच्या वाटणीवरून थोरल्या प्रफुलशी वाजल्यापासून त्यानं उंबरा ओलांडला नव्हता. तो आला, खाटेशी बसला. "बाबा, काऊन असं करून राह्यले?" म्हणाला. प्रफुलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघंही रडले. बाईंना वाटलं, सुटलं एकदाचं कोडं.

मास्तरांनी दोघांकडे पाहिलं आणि डावा हात खाटेवर आपटला. "सांध! सांध!"

त्या दिवशी बाई न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडल्या. त्यानंतर त्यांनी शोधणं सोडलं.

दिवाळीनंतर एका दुपारी त्या मऊ भात भरवत होत्या. मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. हळूच म्हणाले, "सांध."

"हो जी," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी आणखी एक घास घेतला. त्याच आठवड्यात ते गेले.

तेरवीला योगेंद्र पंगतीत वाढायला उभा राहिला. पुढं त्याचं येणं पुन्हा कमी झालं.

शेजारच्या शकुंतलाबाईंनी एकदा विचारलंच, "मास्तर काय मांगत होते, समजलं काय वो?"

"नाई वो बाई," अनुसयाबाई म्हणाल्या. "मी नुसतं हो म्हटलं."