सातवी पुरे म्हणे!

आमच्या घरात औषध फवारायचं काम गड्यांचं आणि कालवायचं बायांचं. पाणी आम्ही आणायचं, औषध आम्ही टाकायचं, पंप भरून द्यायचा. बाटली ओळखायची टोपणावरून. हिरवं टोपण तणाचं, लाल टोपण अळीचं. सासरे म्हणायचे, "बायाला रंग कळला की बास."

त्यांनीच मागच्या साली माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या पोरीची शाळा बंद केली आणि यंदा माझ्या लेकीची. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला जीपनं गोरेगाव. "सातवी पुरे. पोरीच्या जातीनं जीपमधी बसून जायचं काय? शेळ्या राखू द्या." झालं! माझा नवरा गप्प, मी पण गप्प. आमच्याकडं सून सासऱ्याशी तोंड उघडून बोलत न्हाई. जेवायला बोलवायचं तरी लेकराला पुढं करायचं, "आज्याला म्हणावं, ताट वाढलंय." आता ज्या लेकराच्या तोंडून बोलायचं, त्याच्याच शाळेचं भांडण कुणाच्या तोंडून भांडू? आतल्या आत जळत राहिले.

सोयाबीनवर अळी पडली. त्या दिवशी मी दुसऱ्या वावरात खुरपत होते, औषध कालवायला जाऊबाई एकट्या. त्या शाळेची पायरी कधी चढल्या न्हाईत. माहेरी भाऊ शिकले, यांनी भावंडं सांभाळली. दुकानातून या वेळी दुसऱ्याच कंपनीचं औषध आलं होतं, टोपणं नेमकी उलटी. जाऊबाईंनी लाल बघून कालवलं, सासऱ्यांनी फवारलं. ते चौथी शिकलेले, पण बाटली बघायचं काम बायांचं ना! आणि घरातल्या दोन वाचणाऱ्या पोरी शेळ्यांमागं.

आठवडाभरात हिरवंगार सोयाबीन करपून गेलं. बाटली बघून लेकीनंच सांगितलं, हे तणाचं होतं. सासरे ओसरीवर उभं राहून गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "अडाणी! या बाईनं माझं वावर जाळलं!" जाऊबाई दारामागं तोंडात पदर कोंबून रडत होत्या.

माझं डोकंच फिरलं. ओसरीवर गेले आणि सरळ त्यांच्याकडं बघून बोलले, "मामा, तिला अडाणी केलं कुणी? तिच्या बापानं. आन् तुमी काय करून राहिलात? उद्या आपल्या पोरी बी दुसऱ्याच्या दारात ह्याच शिव्या खातील. तुमचं रक्त हाय ते. चालंल तुमाला?"

"सासऱ्याला तोंड वर करून बोलती?"

"व्हय, बोलते. उद्या लेकीला गोरेगावला घेऊन चालले. अडवायचं तर जीपम्होरं आडवं पडा."

खोटं कशाला बोलू? लय बरं वाटलं.

सकाळी लेकीला घेऊन फाट्यावर उभी राहिले. जीप आली, तेवढ्यात मागून जाऊबाई आल्या. डोळे सुजलेले, हाताला धरून त्यांची पोरगी. जाऊबाईंनी पोरीला माझ्या लेकीशेजारी बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "ह्या दोघी आता रोज येतील. एखाद दिवशी फाट्यावर दिसल्या न्हाईत, तर तसाच जाऊ नको. घराम्होरं ये आन् हॉर्न दाबून धर. दार म्या उघडते."