बिनकडीचं फाटक

निपाणीला लेकीकडं होते मी. माहेरचा गाडीवान दारात उतरला, पाण्याचा तांब्या पुढं केला तरी आत येईना, खाली मान घालून उभा राहिला… तेव्हाच समजलं, आमचा अण्णा गेला.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, पायगोंडा. माझे मालक लवकर गेले, तशी मी माहेरी आले ती त्याच्याच घरी राहिले. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला. आमचं गाव वेदगंगेच्या काठचं. पाणी तांबडं झालं, वरच्या रानातला पाला वाहत आला, की अण्णा ओळखायचा, पूर येणार. मग गल्लीगल्लीतनं ओरडत जायचा, "पाणी चढतंय होऽ!" एकदा कुंभाराची म्हातारी उंबऱ्यातनंच खेकसली, "दरसाल चढतंय की रं! आमी काय करू ते सांग. भट्टी लावू का नको?" ते त्याला लागलं. घरोघरी बसून विचारत सुटला, पाण्याआधी तुम्हाला काय काय उचलावं लागतं म्हणून. मग दारादाराला त्याची हाळी निराळी झाली. कुंभाराला, "भट्टी लावू नका." परटाला, "वाळत घातलेलं आदी काढा." बाळंतिणीच्या दारात तर ओरडायचाच नाही, आत जाऊन तिच्या आईला हळू सांगायचा. लोक हसायचे त्याला, पण उठायचे.

एका घराला विचारायचं तेवढं राहिलं, कारण ते घरच नव्हतं. दसऱ्यानंतर धनगर यायचे. खतासाठी शेतकरी त्यांची मेंढरं रानात बसवून घ्यायचे. त्या साली अण्णानंच नदीकाठच्या आमच्या रानात बसवली होती. परतीचा पाऊस लागला, पाणी तांबडं झालं, तसा तो आधी तिकडंच धावला. धनगर बाजाराला गेलेला. त्याची बायको बाळव्वा म्हणाली, "येतो की वर. पर मेंढरं कुटं घालू, अण्णा?"

"आदी तुमी चला, मेंढरांचं मागनं बघू."

"बघू म्हंजे कुटं?"

तिनं आपल्या लहानग्या लेकीला, सत्यव्वाला, त्याच्या कडेवर दिलं आणि आपण मेंढरांपाशी राहिली… पाणी उतरलं तेव्हा रानात ना मेंढरू होतं, ना ती.

"सांगितलं गं बाई, येळंत सांगितलं," अण्णा पुढं कितीदा म्हणायचा, "पर त्या सांगण्याचं तिनं करायचं काय हुतं?"

त्यानं घरामागचं उंचावरचं परडं रिकामं केलं, फाटकाची कडी काढून टाकली. धनगर आले की बाकीचं बोलणं मागनं, आधी त्यांना परडं दाखवायचा. मी म्हणायची, "चार वांगी तरी लावू की, अण्णा." तर म्हणायचा, "लाव. मग मेंढरं तुज्या डोक्यावर बसवू व्हय?"

अण्णाचे दिवस झाले आणि भाच्यानं, त्याच्या पोरानं, त्या परड्यात जळण रचलं. मी बोलले तर म्हणाला, "आत्या, पूर काय रोज येतोय?"

परवा सत्यव्वा आली. आता तिचीच मेंढरं असतात. रानाकडं वळायच्या आधी दरसालासारखी परड्याकडं गेली, फाटक ढकललं. आतल्या जळणाच्या रेट्यानं ते उघडेना. पुन्हा ढकललं, मग हात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

अण्णा गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं.

"येतो, आक्का," म्हणाली, आणि मेंढरं घेऊन पुढच्या गावाला गेली.